बोट लागते म्हणजे काय होतं? दर्यावरच्या मळमळीचा इतिहास

या मालिकेत आपण लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल, सेनापतींबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे बोट लागणे. जहाजात बसल्यावर पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो आणि मग जे व्हायचं ते होतं.

हा विषय घेण्याचं कारण आहे. आपली मंडळी आता सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जहाजाने फिरायला जाऊ लागली आहेत. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ जाते. कोचीहून लक्षद्वीपची जहाजं सुटतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला जाता येतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. आईबाप महिनोन् महिने पैसे साठवून तिकीट काढतात आणि किनारा दिसेनासा होतो न होतो तोच आठ वर्षांची मुलगी पोट धरून बसते. मग तिला ऐकावं लागतं, ‘नाटकं करू नकोस, बघ बाकीची मुलं कशी खेळताहेत.’ ती नाटक करत नसते. तिला काय होतंय आणि ते टाळायचं कसं, हे माणसाला कळायला दोन हजार वर्षांहून जास्त काळ लागला. जे कळलं त्यातलं बरंचसं खलाशांच्या आणि सैनिकांच्या हालातून कळलं. त्यातलं काही मुलांच्या उपयोगाचं आहे आणि काही मुलांना थेट अपायकारक आहे. हा फरक कळावा म्हणून आजचा इतिहास.

आधी आपला मराठी शब्द बघा. इंग्रजीत माणूस ‘सी-सिक’ होतो, म्हणजे आजार त्याचा. मराठीत बोट ‘लागते’. ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते, घाटात गाडी लागते, तशी बोट लागते. दोष माणसाकडे जात नाही, बाहेरची गोष्ट येऊन त्याला लागते. कोकणची माणसं मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांना आगबोटीने जायची, तेव्हा हा शब्द घरोघरी होता. बरोबरच्या पिशवीत लिंबू, आवळासुपारी, आलेपाक असायचा. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता. आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यावं लागायचं. मोठ्या बोटीत जो कसाबसा तग धरून राहिला, त्याचा निकाल त्या पडावात लागायचा. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. आजही गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात थांबतात. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर काय असतो, हे आपल्या लोकांना सांगावं लागत नव्हतं.

युरोपात ग्रीक लोकांनाही हे ठाऊक होतं. मळमळीला इंग्रजीत ‘नॉशिया’ म्हणतात. तो शब्द ग्रीक भाषेत जहाजाला असलेल्या ‘नाउस’ या शब्दापासून आला. म्हणजे जगातली सगळी मळमळ, जेवण बाधलेली असो की गरोदरपणातली, तिच्या नावात जहाजच आहे.

पण ठाऊक असणं वेगळं आणि कारण समजणं वेगळं. शेकडो वर्षं वैद्य पोटालाच दोष देत राहिले. पोट कमजोर आहे, पित्त वाढलं आहे, हिंमत कमी आहे. आरमारात तर याची चेष्टाच व्हायची. ब्रिटिश आरमारात बारा-तेरा वर्षांची पोरं अधिकारी होण्यासाठी जहाजावर चढत आणि ओकत ओकत शिकत. होरेशिओ नेल्सन १७७१ साली असाच बाराव्या वर्षी चढला. तोच पुढे ट्रफाल्गरचा विजेता झाला आणि १८०४ सालच्या पत्रातही लिहीत होता की जोराचा वारा सुटला की मी दर वेळी आजारी पडतो, केवळ व्यवसायावरच्या प्रेमामुळे समुद्रावर टिकून आहे. तेहतीस वर्षं समुद्रावर काढलेला नौसेनापती हे लिहितो. हिंमतीचा आणि बोट लागण्याचा काही संबंध नाही, यासाठी मला याहून मोठा साक्षीदार माहीत नाही.

दुसरा साक्षीदार चार्ल्स डार्विन. ‘बीगल’ जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडहून निघालं आणि डार्विन जवळजवळ लगेच आडवा झाला. पाच वर्षांच्या त्या सफरीत समुद्र खवळला की त्याला त्रास व्हायचाच. त्याने घरी कळवलं होतं की बिस्किटं आणि मनुका एवढंच पोटात ठरतं. हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळीत, पडून राहिलं की त्याला बरं वाटे. कारण कोणालाच माहीत नव्हतं, पण कोरडं खाणं थोडंथोडं खावं आणि डोळे मिटून आडवं पडावं, हे दोन्ही उपाय आज डॉक्टरही सांगतात.

खरं कारण सापडायला लोकांना पोट सोडून कानाकडे यावं लागलं. फ्रान्समध्ये फ्लूरांस या शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या, तेव्हा कबुतरं बहिरी झाली नाहीत, त्यांचा तोल गेला. १८६१ साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएरने दाखवलं की चक्कर येण्याचं मूळ कानात असू शकतं. मग आला अमेरिकेतला विल्यम जेम्स, पुढे मानसशास्त्रात मोठं नाव झालेला. त्याचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला यंत्रसामग्री फारशी लागलीच नाही. त्याने मूकबधिर व्यक्तींना गरगर फिरवलं आणि चक्कर येते का विचारलं. ५१९ जणांपैकी १८६ जणांना चक्कर अजिबात आली नाही. हार्वर्ड कॉलेजमधल्या सुमारे दोनशे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना तसंच फिरवलं, तर त्यांतला फक्त एकजण सुटला. जेम्सने पुढे विचारलं की खवळलेल्या समुद्रावरून गेलेल्या मूकबधिरांना बोट लागली का? बहुतेकांना लागली नव्हती. हे १८८२ साली छापून आलं. ज्यांचा आतला कान निकामी, त्यांना बोट लागत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, जॉन आर्थर अर्विन या डॉक्टरने ‘मोशन सिकनेस’ हा शब्दप्रयोग केला, कारण बोट, गाडी, झोपाळा या सगळ्यांचा त्रास एकाच जातीचा आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं.

आतल्या कानात तीन बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की पाणी मागे राहतं आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारी चुन्याचे बारीक कण असलेला भाग असतो, त्यावरून खाली-वर आणि पुढे-मागे जाणं कळतं. आता तुमची मुलगी केबिनमध्ये बसून मोबाईलवर खेळते आहे अशी कल्पना करा. डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे, पलंग स्थिर आहे, मोबाईल स्थिर आहे. कान सांगतो की आपण वर जातोय, खाली येतोय, डावीकडे कलतोय. दोन चौक्यांवरून एकाच वेळी उलटसुलट खबर आली तर मुख्यालयात जो गोंधळ होतो, तो मेंदूत होतो. रीझन आणि ब्रँड या ब्रिटिश संशोधकांनी १९७५ साली हा विचार पुस्तकात नीट मांडला आणि आजही तोच सर्वाधिक मानला जातो. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, मागे बसून पुस्तक वाचणाऱ्याला लागते, हेही त्यातून उलगडतं. चालकाला पुढचं वळण आधीच माहीत असतं.

म्हणूनच मुलाला डेकवर आणून क्षितिज दाखवायचं. क्षितिज हलत नाही, जहाज हलतं, हे डोळ्यांना दिसलं की डोळे आणि कान एकच बातमी देऊ लागतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी शांतिसेनेत श्रीलंकेला जाताना आमच्या तुकडीने जहाजाने प्रवास केला होता. आमचे जवान सगळे देशावरचे आणि घाटमाथ्यावरचे. मद्रासच्या आधी त्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. खालच्या डेकवर त्यांची अवस्था बघवत नव्हती. जहाजावरचा एक वयस्क पेटी ऑफिसर येऊन मला म्हणाला, ‘साहब, इनको ऊपर लाओ. बाहर देखने को बोलो, अंदर मत देखने दो.’ त्याला विल्यम जेम्स माहीत असण्याचं कारण नव्हतं. आम्ही जवानांना पाळीपाळीने वर आणलं आणि पुढून येणारी लाट मोठी की छोटी हे ओरडून सांगायला लावलं. अर्ध्याअधिकांना तासाभरात उतार पडला. तोच खेळ सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर करून बघा. लाट येण्याआधी ओळखायची, की मेंदूला अंदाज मिळतो आणि मुलांना काम मिळतं.

आता एका मोठ्या माणसाच्या मोठ्या फजितीकडे वळू. सर हेन्री बेसेमर, पोलाद स्वस्तात बनवण्याची पद्धत शोधणारा इंजिनियर. १८६८ साली कॅलेहून डोव्हरला इंग्लिश खाडी ओलांडताना त्याला बोट इतकी लागली की पुढे आगगाडीतही तो आजारीच होता. श्रीमंत आणि हुशार माणसाला एखादी गोष्ट झोंबली की काय होतं बघा. त्याने ठरवलं, जहाज हललं तर हलू दे, प्रवाशांची खोलीच हलायची नाही. त्याने ‘बेसेमर’ नावाचं सुमारे ३५० फूट लांबीचं जहाज बांधवून घेतलं. त्याच्या पोटात ७० फूट लांब आणि ३० फूट रुंद दिवाणखाना धुरीवर टांगला. जहाज एका बाजूला कललं की पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने दिवाणखाना उलट बाजूला कलवायचा. हे काम करायला एक माणूस बसायचा, समोर पाणपातळी घेऊन. गवंड्याच्या हातात असते तसलीच.

जहाज १८७४ मध्ये पाण्यात उतरलं. १८७५च्या एप्रिलमध्ये चाचणीच्या फेरीत त्याने कॅलेचा धक्का तोडला. ८ मे रोजी लोकांना घेऊन निघालं, तेव्हा तो दिवाणखाना जाम करून ठेवलेला होता, हलूच दिला नाही. आणि कॅलेला पोचताना जहाजाने पुन्हा धक्का तोडला. कंपनी बुडाली, जहाज पुढे भंगारात गेलं. तो सुंदर दिवाणखाना मात्र जहाज आखणाऱ्या एडवर्ड रीडने आपल्या घरी नेला. नंतर ते घर बागकाम शिकवणाऱ्या कॉलेजकडे गेलं आणि मुली तिथे व्याख्यानं ऐकू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून तोही गेला.

लोक बेसेमरला हसतात. मला वाटतं त्याचं यंत्र नीट चाललं असतं तरी तो हरलाच असता. त्याने फक्त डावी-उजवीकडे कलणं थांबवायचं ठरवलं. पण माणसाला सर्वांत जास्त त्रास सगळंच्या सगळं खाली-वर होण्याने होतो. १९७४ साली अमेरिकेत ओ’हॅनलन आणि मॅकॉली यांनी लोकांना यंत्रात बसवून खाली-वर हलवलं आणि मोजलं. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली, या गतीला सर्वांत जास्त लोक आजारी पडतात. जहाजं नेमकी याच्या आसपास हलतात. सायकलवर किंवा घोड्यावर इतके धक्के बसतात, पण ते पटापट बसतात म्हणून तिथे मळमळ होत नाही.

जहाज हलणं कमी करण्याचं काम पुढे बेसेमरपेक्षा साध्या मार्गाने झालं. जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख बसवले. डेनी आणि ब्राऊन यांचे हे पंख १९३६ साली ‘आइल ऑफ सार्क’ या इंग्लिश खाडीतल्या जहाजावर लागले. मग १९५० साली पी अँड ओ कंपनीच्या ‘चुसान’वर लागले. हे जहाज मुंबईमार्गे अतिपूर्वेला जायचं, तेव्हा तुमच्यापैकी कुणाचे आजोबा त्यातून गेले असतील तर नवल नाही. आज प्रत्येक मोठ्या क्रूझ जहाजाला असे पंख असतात. म्हणून तिकीट विकणारा सांगतो, ‘सर, आमचं जहाज हलतच नाही.’ तो पूर्ण खोटं बोलत नाही. पण हे पंख कुशीवर कलणं कमी करतात. पुढची बाजू वर आणि मागची खाली होणं, आणि आख्खं जहाज वर-खाली होणं, त्यांना थांबवता येत नाही. त्यामुळे केबिन कुठे घ्यायची हा प्रश्न उरतोच. बागेतला सी-सॉ आठवा. टोकाला बसलेला पोरगा वर-खाली जातो, मध्ये बसलेला जागच्या जागी असतो. लहान मुलं बरोबर असतील तर जहाजाच्या लांबीच्या मध्याला आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. वरच्या मजल्यावरची, बाल्कनीची केबिन महाग असते आणि तीच जास्त हलते. पैसे वाचतात आणि पोटही वाचतं, असा योग आयुष्यात फार वेळा येत नाही. खालच्या केबिनला खिडकी असली तर उत्तम.

मुलांना घेऊन केलेल्या समुद्रप्रवासाचं आपल्या इतिहासातलं एक उदाहरण इथे सांगतो. १८९६च्या अखेरीस मोहनदास गांधी मुंबईहून ‘कूरलँड’ जहाजाने दक्षिण आफ्रिकेला निघाले. बरोबर कस्तुरबा, हरिलाल आणि मणिलाल ही मुलं आणि विधवा बहिणीचा मुलगा गोकुळदास. आत्मकथेत गांधीजींनी लिहिलं आहे की सुधारलेलं दिसावं म्हणून त्यांनी घरच्यांना पारशी धाटणीचे कपडे घालायला लावले. मुलांना बूट-मोजे घालावे लागले आणि काट्या-चमच्याने जेवावं लागलं. हरिलाल तेव्हा आठ वर्षांचा आणि मणिलाल चार. नाताळचा किनारा चार दिवसांवर राहिला असताना वादळ आलं आणि चोवीस तास चाललं. हिंदू, मुसलमान सगळे मिळून देवाचा धावा करत होते. गांधीजींना बोट लागायची नाही. १८८८ साली विलायतेला जातानाही लागली नव्हती. त्यामुळे ते प्रवाशांमध्ये हिंडून धीर देत होते आणि कप्तानाकडून दर तासाला बातमी आणून सांगत होते. मला यात एक व्यवहाराची गोष्ट दिसते. घरातल्या ज्या मोठ्या माणसाला बोट लागत नाही, त्याने मुलांजवळ असावं. दोघंही आईबाप आडवे झाले तर पोराकडे कोण बघणार? आणि भीती, दमटपणा, उग्र वास, शेजारच्याची उलटी यांनी मळमळ वाढते. घट्ट बुटामोज्यांनी ती कमी होत नसेल एवढं नक्की.

वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट क्वचितच लागते. त्यानंतर त्रास वाढत जातो. शाळकरी वयात, साधारण सात ते बारा वर्षांच्या दरम्यान, तो सर्वांत जास्त असतो आणि मोठेपणी हळूहळू कमी होतो. म्हणजे क्रूझवर मजा करायचं जे वय, तेच बोट लागण्याचं वय. नेल्सन चढला तेही याच वयात.

आता फौजेकडे येतो, कारण औषध तिथे तयार झालं. १९१४च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सुमारे आठ हजारांची हिंदी फौज पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर चढाई करायला निघाली. जवान कित्येक दिवस गर्दीच्या जहाजांत कोंडलेले, बोट लागून गळून गेलेले होते. जनरल एटकेनने त्यांना मोंबासाला उतरवून विश्रांती दिली नाही, थेट टांगाला नेलं. समोर फोन लेट्टो-फोरबेक याची जेमतेम हजारभर माणसं होती. ४ नोव्हेंबरला आपल्या फौजेचा दारुण पराभव झाला. त्याची कारणं अनेक आहेत. टेहळणी नव्हती, अचानक हल्ल्याची संधी गमावली, सराव कमी होता. पण आठवडाभर ओकलेल्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी लढाईची अपेक्षा ठेवणं हा सेनापतीचा दोष आहे, शिपायाचा नाही, एवढं मी फौजी म्हणून म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रातून किनाऱ्यावर उतरणं हाच मुख्य डाव ठरला, तेव्हा ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नव्हतं. नॉर्मंडीची चढाई ५ जून १९४४ला ठरली होती. हवामान बिघडलं आणि आयझेनहॉवरने ती एक दिवस पुढे ढकलली. हजारो जवान तेव्हा बोटींत चढून बसलेलेच होते. किनाऱ्याला लागणाऱ्या बोटींचा तळ सपाट असतो, त्यामुळे त्या टोपलीसारख्या डोलतात. सैनिकांना मळमळीच्या गोळ्या आणि ओकायच्या पिशव्या सरकारी सामान म्हणून वाटल्या होत्या. ब्रिटिश गोळ्यांत हायोसीन होतं. अमेरिकी गोळ्यांतही तेच औषध दुसऱ्या नावाने, स्कोपोलामाइन म्हणून, झोपेच्या औषधाबरोबर मिसळलेलं होतं. ते लागू पडायचं, पण तोंड कोरडं पडायचं, डोळ्यांपुढे अंधुक दिसायचं, गुंगी यायची. अशा अवस्थेत माणसं किनाऱ्यावर उतरली.

हे हायोसीन कशात असतं ठाऊक आहे? आपल्या उकिरड्यावर वाढणाऱ्या धोतऱ्यात. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्याने मूल भ्रमिष्ट होतं, अंग तापतं, जीवही जाऊ शकतो, हे गावाकडच्या कुणालाही विचारा. मोठ्या माणसांसाठी या औषधाची कानामागे चिकटवायची पट्टी परदेशात मिळते. कुणी नातेवाईक प्रेमाने आणून देतो, ‘अर्धी कापून पोराला लाव’ म्हणतो. लावू नका. ती लहान मुलांसाठी नाही. आणि मोठ्याने लावली असेल तर हात धुतल्याशिवाय मुलाला भरवू नका.

मुलांना चालणारं औषध वेगळ्या दाराने आलं. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर गे आणि कार्लिनर हे पित्ताच्या गांधींवर एक नवं औषध तपासत होते. एका रुग्ण बाईंनी सांगितलं की अंगावरच्या गांधी तर कमी झाल्याच, पण मला नेहमी ट्राममध्ये मळमळायचं तेही थांबलं. डॉक्टरांनी तिला न सांगता साधी गोळी देऊन पाहिली, तर मळमळ परत आली. मग फौजेला विनंती झाली. नोव्हेंबर १९४८च्या शेवटी ‘जनरल बॅलू’ हे जहाज न्यूयॉर्कहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला तेराशेहून अधिक सैनिक घेऊन निघालं. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक, भरपूर डोलणारं जहाज. काहींना खरी गोळी दिली, काहींना औषध नसलेली. फरक इतका स्पष्ट दिसला की पुढच्या वर्षी ‘ड्रामामाइन’ नावाने ते जगभर गेलं. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली अव्होमिनची गोळी त्याच कुळातली, म्हणजे ॲलर्जीवरच्या औषधांच्या कुळातली आहे.

इथे जरा थांबा. ही चाचणी तरण्याबांड सैनिकांवर झाली होती आणि मूल म्हणजे छोटा सैनिक नव्हे. अव्होमिनमधलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्यावरच्या मुलांना कोणतं औषध आणि किती, हे बालरोगतज्ज्ञाने वजन आणि वय बघून ठरवायचं. मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून द्यायची नाही. प्रवासाच्या आधीच एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी एक मात्रा देऊन बघायची का, हेही डॉक्टरांना विचारा. बहुतेक मुलं पेंगतात, पण काही मुलं उलटी चेकाळतात, आणि हे पहिल्यांदा जहाजावर कळणं बरं नाही. जहाज सुटण्याआधी अर्धा-एक तास औषध पोटात गेलेलं पाहिजे. मळमळ सुरू झाली की पोट पुढे ढकलायचंच थांबवतं, मग गोळी तिथेच पडून राहते किंवा बाहेर येते. फौजेत आपण म्हणतो तसं, खंदक गोळीबाराआधी खणायचा.

आल्याचं काय, असं नेहमी विचारलं जातं. आजीचा आलेपाक अगदीच भाबडा नव्हता. १९८८ साली डेन्मार्कच्या आरमारातल्या ऐंशी कॅडेटांवर समुद्रातच प्रयोग झाला. सुंठीची एक ग्रॅम पूड घेतलेल्यांना उलट्या आणि थंड घाम कमी झाले, मळमळ आणि चक्कर मात्र फारशी कमी झाली नाही. पुन्हा कॅडेटच, मुलं नव्हेत. पण आलेपाकाची छोटी वडी चघळायला कुणी मना करणार नाही. मनगटावर बांधायचे दाबपट्टे मिळतात, त्यांचा पुरावा कच्चा आहे. तरी त्याने अपाय नाही आणि मुलाला धीर येत असेल तर बांधा.

खाण्याबाबत दोन टोकं टाळा. क्रूझवर जेवण फुकट म्हणून पोराला आईस्क्रीम, पिझ्झा, तळलेलं यांचा डोंगर चारायचा नाही. ‘उलटी होईल’ म्हणून उपाशीही ठेवायचं नाही, कारण रिकाम्या पोटीच्या कोरड्या उमाळ्या जास्त वाईट. कुरमुरे, खाकरा, टोस्ट, डार्विनच्या मनुका, थोडा दहीभात. पाणी घोट घोट. उलट्या झाल्याच तर ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. जीभ कोरडी पडली, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल मलूल झालं, तर जहाजावरच्या डॉक्टरकडे न्या, त्यासाठीच तो असतो. मोबाईल, पुस्तक, चित्रं रंगवणं पहिल्या दिवशी बंद. त्रास होत असेल तर डोळे मिटून आडवं पडू द्या, डोकं कमी हललं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकांचा मेंदू जहाजाची चाल शिकतो. खलाशांच्या भाषेत पाय समुद्राचे होतात. अडचण अशी की आपल्या बहुतेक क्रूझ दोन-तीन रात्रींच्याच असतात. मूल सरावतं आणि उतरायची वेळ येते.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथल्या बऱ्याच बेटांशी मोठं जहाज खाडीबाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीतून उतरावं लागतं, आपल्या जुन्या कोकण बोटीच्या पडावासारखंच. मोठं जहाज थांबलं की त्याचे ते पंखही निरुपयोगी होतात, कारण पाणी कापत पुढे गेल्याशिवाय ते काम करत नाहीत. म्हणून खरी मळमळ अनेकदा पोचल्यावर सुरू होते. औषधाची वेळ ठरवताना हे डॉक्टरांना सांगा. छोट्या बोटीत मुलाला मध्ये बसवा आणि बेटाच्या नारळांकडे बघायला लावा.

आणि घरी आल्यावर रात्री मूल म्हणालं, ‘आई, पलंग हलतोय,’ तर घाबरू नका. मेंदू समुद्राची चाल शिकला होता, ती विसरायला त्याला एखाद-दोन दिवस लागतात. आमच्या जवानांनाही त्रिंकोमालीच्या बराकीत पहिले दोन दिवस जमीन डोलत असल्यासारखी वाटायची आणि ते एकमेकांकडे बघून हसायचे. हे आठवडाभर टिकलं तरच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.